"मॅडम, सर कधी भेटतील?"

परचेसमधल्या बायांनो, आज आपल्या ग्रुपचा खरा उपयोग केला. वाचाच!

पुठ्ठ्याचे बॉक्स विकणारा एक माणूस सकाळी आमच्या रबाळ्याच्या ऑफिसात आला, तिसऱ्यांदा. दारावर माझं नाव, खाली 'परचेस हेड'. तरी मलाच विचारतो, "मॅडम, सर कधी भेटतील?" मागच्या खेपेला तर मलाच चहा आणायला सांगितला होता.

डोकं सटकलं. पण गोड हसून म्हटलं, "महापेच्या एका कंपनीला बॉक्स हवेत, तिकडे जा." लगेच आपल्या वैशालीला मेसेज टाकला, कारण तिथलं परचेस तीच बघते. तिलाही त्याने 'सर कुठेत?' असंच विचारलं. मग तिने त्याला तळोज्याला आपल्या शबानाकडे धाडलं. भर उन्हात, सॅम्पलचं गाठोडं घेऊन! शबानाचा मेसेज आला, "घामाघूम झालाय, तरी विचारतोय सर कुठेत."

पाच वाजता त्याचा मला फोन. "मॅडम, सगळीकडे लेडीजच आहेत हो. कोटेशन तुम्हालाच देऊ का?"

मी म्हटलं, "थांबा, सरांना विचारून सांगते."

वाईट वाटलं का? अजिबात नाही. उद्या कोणाकडे पाठवू, बोला!