अकरा वाजताचे पाणी

आमच्या वसाहतीत नळाला एक दिवसाआड पाणी येते, सकाळी अकरा वाजता. त्या वेळी वसाहतीत जवळजवळ कोणी नसते. पुण्याकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस सहा ते सातच्या दरम्यान महामार्गाच्या पुलाखालून सुटतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास परत येतात.

गाव सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या बाजूचे. आमची घरे आहेत तिथे पूर्वी ऊस होता. पुण्यात घर घेणे परवडले नाही म्हणून आम्ही इथे आलो. शेजारीही असेच, सांगली, कराड, साताऱ्याहून पुण्याच्या नोकरीसाठी निघालेले आणि पन्नास किलोमीटर अलीकडे थांबलेले. मी पुण्यात बातम्यांच्या डेस्कवर सकाळच्या पाळीत काम करतो. बायको महामार्गालगतच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची.

पाण्याला दाब नाही. ते आपोआप टाकीत चढत नाही. प्रत्येकाने फाटकासमोर गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात उतरवला आहे. पाणी आले की पिंप लावायचे, पिंपात मोटर सोडायची आणि वरची टाकी भरून घ्यायची. पाऊण तासात पाणी जाते, म्हणून तेवढा वेळ घरात माणूस लागतो. बोअर मारलेल्यांचे पाणी मचूळ आहे, आणि उन्हाळ्यात तेही राहत नाही.

पहिले वर्षभर समोरच्या घरातल्या आजोबांनी आमचे पिंप भरले. ते मुलीकडे कराडला राहायला गेले तेव्हा बायकोने लॅबमधून दोन महिन्यांची रजा घेतली. लॅबच्या डॉक्टरांनी तिला सांगितले, जानेवारीअखेरपर्यंत जागा ठेवतो, नंतर दुसरे कोणी बघावे लागेल. तोवर पाण्याची वेळ बदलायला हवी होती.

वेळ अकराच का, हे विचारायला मी एका सुट्टीच्या दिवशी पाणी सोडणाऱ्याकडे गेलो. तो गोठ्यात होता. त्याने सांगितले ते सरळ होते. पहाटे धारा, मग डेअरीला दूध, मग जुन्या गावठाणाचे पाणी. त्यानंतर टाकी पुन्हा भरायला अकरा वाजतात.

"संध्याकाळी सातला सोडता येईल का?"

"सातला धारा असत्यात साहेब. म्हशी काय तुमी पिळणार व्हय?"

मी हसलो. तो हसला नाही.

मग ग्रामसभा उरली. ती सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात होती. सुट्टी असल्याने वसाहतीतले सगळे घरी होते. वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर ठराव लिहिला जात होता. मी तो दोनदा तपासून दिला. त्या सकाळी आम्ही चाळीसएक जण इस्त्रीचे कपडे घालून, पुड्यातली जिलेबी हातात धरून रांगेत उभे होतो. गावठाणातले लोक आमच्या निम्मेही नव्हते. शेजाऱ्याने माझ्या कानात सांगितले, "आज आपलंच बहुमत."

ग्रामसेवकाने टेबलावर हजेरीची वही ठेवली होती आणि तिच्या शेजारी मतदारयादी. तो आधी यादीत नाव शोधत होता आणि मगच सही घेत होता. पहिल्या आठ जणांत एकाचेही नाव सापडले नाही. नववा मी होतो.

"तुमचंबी न्हाई," तो म्हणाला.

ग्रामसभेच्या बातम्या मी कित्येक वर्षे तपासल्या आहेत. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सदस्य, हे वाक्य मी स्वतः बातम्यांत घातले आहे. ते मला लागू होते, हे त्या टेबलापाशी उभे राहीपर्यंत डोक्यात आले नव्हते.

माझे नाव मिरज तालुक्यात आहे, जन्मगावच्या यादीत. बायकोचेही तिथेच. आमच्या वॉर्डात भावकीची नऊ मते आहेत आणि तिथली निवडणूक चार-पाच मतांवर फिरते. मतदानाच्या आदल्या दिवशी गावाहून जीप येते. ती पुण्यातून दोघांना घेते, इथल्या पुलाखाली आम्हाला घेते, कराडला आणखी एकाला. डिसेंबरातही आली होती. पोहोचल्यावर मटण असते, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः केंद्रापर्यंत चालत येतो. वसाहतीतल्या बहुतेकांकडे अशीच जीप येते. कोणाची वाळव्याहून, कोणाची पाटणहून. पुलाखाली थांबलेल्या या जीपा गावठाणालाही दिसतात. नाव हलवणे म्हणजे गाव सोडणे, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. इथली अंगणवाडीची बाई नावनोंदणीचा अर्ज घेऊन दारात आली तेव्हा बायको म्हणाली होती, "माझं तरी इथं लावूया का?" एका घरात दोन गावे नकोत, असे सांगून मी बाईंना परत पाठवले होते.

टेबलाजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते. फौजेतून निवृत्त झालेले, टोपी सरळ. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट केले. नखावर शाईची रेघ अजून होती.

"शाई तर हाय की. मग नाव कसं न्हाई?"

"ती आमच्या गावाकडची, आजोबा."

"आस्सं. मत गावाकडं." त्यांनी मागे वळून बघितले. सगळे ऐकत होते. "मग पाणीबी तिकडनंच आणा की, जीप येतीच हाय!"

पटांगण हसले. आमच्यातलेही दोघे हसले. मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना, कारण म्हातारा चुकीचे काही बोलला नव्हता. आमच्या चाळीस जणांत यादीत नाव असलेले तिघे निघाले. ठराव वाचला गेला, हात मोजले गेले, ठराव पडला. सरपंचांनी सौजन्याने सांगितले की पाहुण्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.

घरी येऊन मी भावाला फोन केला. दोघांची नावे इकडे आणतोय, असे सांगितले. 

"नाव काढलंस म्हंजे तू आमच्यातनं उठलास बग."

"पाण्यासाठी आहे रे."

"हितं लय पानी हाय. हिकडं यून ऱ्हा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वैनीचं काढ पायजे तर. तुजं ऱ्हाऊ दे. आठवर भागवतो."

मी बरं म्हणालो. आज लिहितानाही त्याचे समर्थन मला करता येत नाही. नोकरी तिची जात होती आणि मी भावकीतले एक मत राखत होतो.

फोन ठेवून आत गेलो तर बायको मोबाइलवर अर्ज भरत होती. "माझा झाला," ती म्हणाली. "तुमचा भरू?"

"नंतर बघू," मी म्हणालो. तिने स्क्रीन बंद केली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लॅबने एका मुलीला घेतले. डॉक्टरांनी निरोप पाठवला की पुढे जागा झाली तर कळवू. बायको त्या दिवशी अकरा वाजता खड्ड्याशी बसली होती. पिंप भरून वाहू लागले तरी ती काही वेळ तशीच बसली होती. हे मला शेजारणीने सांगितले. मी कामावर होतो.

मग तिने वसाहतीतल्या बायकांना गाठले. अंगणवाडीच्या बाईंना चहाला बोलावले, आणि दुपारी दुपारी बसून अर्ज भरून घेतले. पुरुषांची नावे बहुतेक गावाकडेच राहिली. त्यासाठी तिने कोणाशी वाद घातला नाही. पाणी सोडणाऱ्याकडेही ती गेली, त्याच्या बायकोशी बोलली. संध्याकाळी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह फिरवायला त्याचा मेहुणा तयार आहे, एवढे ती तिथून घेऊन आली. मी विचारले होते ते वेळेबद्दल. धारांच्या वेळी व्हॉल्व्ह दुसरे कोण फिरवू शकेल, हे मला सुचलेही नव्हते.

एक मेच्या ग्रामसभेला मी तिच्याबरोबर गेलो. टेबल तेच, वही तीच. ग्रामसेवकाने तिचे नाव यादीत शोधले, खूण केली, सही घेतली. तिच्या मागे वसाहतीतल्या सव्वीस बायका होत्या. फौजी आजोबांनी सरकून त्यांना पुढच्या सतरंजीवर जागा करून दिली. "या, बसा. आवं, पंखा लाव की रं तिकडं."

ग्रामसेवकाने माझ्याकडे बघितले. "आणि ह्यांचं?"

मी खिशातून ओळखपत्र काढत होतो. त्यावर पत्ता गावाकडचा होता.

"ते पाहुणे आहेत," बायको म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

मी मागे पाण्याच्या जारशेजारच्या खुर्चीवर बसलो. तिने ठराव मांडला. कागद नव्हता, चार वाक्ये होती. मतदानाला माझा हात सवयीने वर गेला, मग मी तो खाली घेतला. ठराव मंजूर झाला. एक जूनपासून पाणी संध्याकाळी साडेसातला येते.

लॅबमधून अजून फोन आलेला नाही.