पिठातला नकाशा

गिरणीतून आणलेल्या ताज्या पिठाचा ऊन वास आला, की मारुंजीचं भाड्याचं घर आठवतं. लग्न नवीन होतं. नवऱ्याची कंपनी लांब, महाळुंगेच्या एमआयडीसीत, माझी जवळच हिंजवडीत. त्याला तिकडेच राहायला जायचं होतं आणि मग मला नोकरी सोडावी लागणार होती. रोज वाद व्हायचा.

एका सकाळी पोळ्या लाटताना मी ओट्यावरच्या पिठात दोन ठिपके काढून रेघेने जोडले. "ही तुझी कंपनी, ही माझी."

तो जवळ येऊन बघत राहिला. मग रेघेच्या मधोमध बोट टेकवून म्हणाला, "इथे चिंचवड येतं. तिथे घर बघू या का?"

घर मिळालं, नोकरीही राहिली. पण रोज समोरासमोर भांडणारे आम्ही त्या सकाळी पहिल्यांदा शेजारी उभे होतो, हेच जास्त आठवतं.