बसूमामाचं कार्बोरेटर काय सेट होईना

फोन आला तेव्हा मी नौबादला ऑफिसात व्हते. मामी एवढंच म्हणाली, "बाळा, मामा गेले गं…" आन् माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? आदल्याच रविवारी नावंच्या मोटरला नवं कार्बोरेटर बसवून मामा हात पुसत म्हणला व्हता, "बसवायचं झालं. सेटिंग तेवढं राहिलं. पुढच्या रविवारी ये, तुला ऐकवतो." ऐकवतो म्हणं! रविवार आला की… मामाच न्हाई.

मामाचं घर धरणाच्या अलीकडच्या काठाला आन् शेत पाण्यापलीकडं. रस्त्यानं जायचं तर हा एवढा वळसा, म्हणून त्यानं बारकी नाव घेतली, मागं पेट्रोलची मोटर अडकवली, आन् मामीला पुढं बसवून रोज शेताला. आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात, मामाची समाधीबी त्याच शेतात. मातीच्या दिवशी मामीला रस्त्यानं टेम्पोत घालून नेलं, पण तिला त्यातलं कायबी आठवत न्हाई. त्यानंतर ती शेताला गेलीच न्हाई. समाधीला वाहायला बेलपत्री आणती, ताटात ठेवती, बसून राहती. "त्यांनी मला एकदाबी रस्त्यानं नेलं न्हाई. नाव चालू व्हऊ दे, मग जाते." शेजारचे रफिकभाई मासे धरतेत, ते वल्ह्यानं नेतो म्हणले. तरी न्हाई!

मग काय, बसले मी स्क्रूड्रायव्हर घेऊन. व्हिडिओत सांगतेत, कार्बोरेटरचा, पेट्रोल-हवेचं माप ठरवणारा बारका स्क्रू हळू पार आत न्यायचा, मग दीड फेर बाहेर. मोटर कोरडी चालवली तर जळती, म्हणून अंगणात निळ्या ड्रमात पाणी भरलं, त्यात सोडली. अशी गोड वाजायली म्हणून सांगू! नाचतच काठाला नेली, नावंला लावली, गिअर टाकला… फुर्र. बंद. परत ड्रम, परत गोड. परत पाणी, परत फुर्र! दर रविवारी हेच. मोटर चालू करायची दोरी वढून वढून तळहाताला फोड आले. रफिकभाई जाळं झटकत हसायलेत, "क्या बेबी, ड्रम में बैठको जारैं क्या खेत कू?"

लई राग आला. रफिकभाईचा न्हाई, मामाचा. अरे, दिवसभर तोंड चालू असायचं तुझं! राजेश्वर गावात कुणाच्या लग्नात भात कामून कच्चा राहिला, ते तीनदा सांगितलंस. आन् हा एवढासा स्क्रू कसा फिरवायचा, ते सांगायला काय झालं व्हतं? रडायलेय का चिडायलेय, माझं मलाच कळंना. स्क्रूड्रायव्हर दिला फेकून. काठावरनं मामी म्हणाली, "ते असं रिकाम्या नावंत करत नव्हते बग."

"मग कसं करायचे?"

"मला बसवायचे की पुढं. अगं ये बस, वजन लागतंय म्हणायचे. मी म्हणायची, दगड भरा की, मीच घावले व्हय? पण मी बसल्याबिगर स्क्रूला हात न्हाई लावायचे."

"मामी! आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"मला वाटायचं, माझी चेष्टा करायलेत…"

मी डोकं धरून बसले. ड्रमात मोटरला काय जोर लागणार, डोंबल! नावंत माणूस पायजे, गिअर टाकलेला पायजे, नाव काठाला बांधून मग स्क्रू फिरवायचा. मामी आली, पुढच्या फळीवर मामानं घडी घालून ठेवलेलं गोणपाट व्हतं, त्याच्यावर पदर खोचून बसली. मी मोटरची दोरी वढली, गिअर टाकला, मोटर खोकायली. जरासा स्क्रू फिरवला. बंद न्हाई पडली! मी आनंदानं वरडले, तर मामीनं हात वर केला.

"गप. अजून जरा… उलटं, उलटं. आता थोडं परत… हां. असंच वाजायचं."

डोळे मिटून ऐकायली व्हती.

त्या दिवशी गेलो शेताला. बेल वाहिला. येताना मोटर हळू केली तशी दोनदा बंद पडली, म्हणजे अजून पुरतं जमलं न्हाई, त्यो स्क्रू मला छळणारच हाय. पण काठाला लागल्यावर मी स्विचकडं हात नेला तर मामी गोणपाटावरनं हललीच न्हाई. पाठमोरीच म्हणाली, "लगेच बंद करू नगं गं… वाजू दे जरा."