सूचना वर, कमांड खाली

मास्तरीण हे नाव तिला प्रोग्रॅमर मंडळींनी पाठीमागे ठेवलं होतं. चुकून ते तिच्या नजरेस पडलं, तेव्हा तिने एका शब्दानेही कुणाला जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवशी आपलं लॉगिनचं नावच 'मास्तरीण' करून टाकलं. कुजबुजणाऱ्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

पोटापाण्यासाठी ती एका कारखान्यात माहितीपुस्तिका लिहायची. वॉशिंग मशिनच्या खोक्यात तळाशी असते ना, तीच. "ती कोण वाचतं?" असं कुणी हसून विचारलं की म्हणायची, "घरभर पाणी झालं की सगळे वाचतात."

ऑपरेटिंग सिस्टिमच्या भानगडीत ती पडली ते प्रिंटरमुळे. घरातला जुना कॉम्प्युटर रखडायला लागला, म्हणून तिने त्यावर एक ओपन सोर्स सिस्टिम चढवली. कुणीही फुकट घ्यावी, आत डोकावावं, हवी तशी बदलावी, अशी ती सिस्टिम. जगभरातले प्रोग्रॅमर आपापली नोकरी सांभाळून हा प्रकल्प चालवत होते. कॉम्प्युटर पळायला लागला, पण प्रिंटर ढिम्म हलेना. मदतीची पानं शोधली, तर एक पान म्हणे असं करा, दुसरं म्हणे असं चुकूनही करू नका, आणि तिसरं अर्ध्यावर संपलेलं. खाली फक्त 'पुढचं सवडीने लिहितो'. गेल्या काही वर्षांत ती सवड झालेली नव्हती. तिने चिडून लांबलचक तक्रार लिहिली. कुणीतरी उत्तर दिलं, "बाई, इथे कुणालाही पानं बदलता येतात. बदला."

पिच्छा सोडवायला लिहिलं असावं. तिने ते शब्दशः घेतलं.

पानांची सगळी रचना ज्याने जे बनवलं त्याच्या नावावर होती. डिस्कवाल्याची पानं एकीकडे, छपाईवाल्याची दुसरीकडे. घरातली भांडी ज्याने आणली त्याच्या नावाने कपाटात लावावीत, आणि चहा करायचा म्हटलं की आधी पातेलं कुणी आणलं ते आठवत बसावं, तसला प्रकार. खटपट करून प्रिंटर चालू केल्यावर तिने सगळी पानं छापून बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडली आणि माणसाला काय करायचंय त्यावरून लावायला घेतली. छापायचंय. आवाज येत नाही. पासवर्ड विसरला.

"अगं, घरात चालायचं तरी कुठून?" नवरा दारातच थबकला.

"प्रिंटरवरून पलीकडे जा, मग भिंतीकडेने. नेटवर्कवर पाय देऊ नकोस, ते आत्ताच लागलंय."

सुट्ट्या अशाच गेल्या. हळूहळू लोकांना पानं सापडायला लागली. आपापल्या भाषेत ती उतरवणारे लोक तिला मनापासून मानायला लागले. प्रोग्रॅमर नाकं मुरडत, पण अडवत कुणी नव्हतं.

मग नणंदेचं प्रकरण झालं.

नणंद शिवणकाम करायची. पलीकडच्या गल्लीत तिचं दुकान होतं. गिऱ्हाइकांची मापं, कटिंगचे नमुने, स्वतः बेतलेले गळे आणि बाह्या, सगळं वर्षानुवर्षं तिने कॉम्प्युटरवर जमवलेलं. सिस्टिम तिलाही वहिनीनेच बसवून दिली होती. एकदा नणंदेने नवी डिस्क आणली आणि ती जोडण्याचं पान उघडलं. ते पान डिस्कवाल्याचं. त्याला अजून मास्तरणीचा हात लागला नव्हता. पहिल्याच ओळीत कमांड होती. नणंदेने ती जशीच्या तशी टाइप केली आणि बटण दाबलं. कमांडखाली डिस्कवाल्याने डिस्क जोडण्याचं आपलं साधन कसं जन्माला आलं त्याची हकीकत रंगवून लिहिली होती, आणि अगदी शेवटी एक ओळ होती: 'आधी डिस्कचं नाव तपासा, नाहीतर चालू डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.'

पुसलं गेलं.

मास्तरीण दुकानात पोचली तेव्हा नणंद रिकाम्या पडद्यासमोर कात्री हातात धरून बसली होती.

"दुसरी प्रत नव्हती का गं कुठे?"

"ती करायलाच तर नवी डिस्क आणली होती, वहिनी."

घरी येऊन तिने झालेलं सगळं डिस्कवाल्याला खरमरीत शब्दांत कळवलं. त्याचं उत्तर आलं: "वाईट वाटलं. पण पान शेवटपर्यंत वाचायला हवं होतं. चूक वापरणाऱ्याची."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमांड द्यायची सोडून माणूस आधी त्या साधनाची जन्मकथा वाचणार होता का? ती बसली आणि तिने पान बदललं. धोक्याची सूचना सगळ्यांत वर, मग डिस्कचं नाव कसं तपासायचं ते, मग कमांड. हकीकतीचा एक शब्द न गाळता ती खाली नेली. संध्याकाळपर्यंत डिस्कवाल्याने पान होतं तसं करून ठेवलं. शेरा मारला, 'शैलीतले अनावश्यक बदल.' तिने पुन्हा बदललं. त्याने पुन्हा उलटवलं. तिसऱ्यांदा बदलायला गेली तर पानाला कुलूप, आणि तिची पानं बदलण्याची परवानगीच काढून घेतलेली. 'वातावरण निवळेपर्यंत,' म्हणे.

नवऱ्याने समजावून पाहिलं. "कशाला नादी लागतेस? फुकटचं काम, वर मनस्ताप. सोडून दे ना."

"फुकटचं आहे म्हणूनच सोडणार नाही. मला कामावरून काढून टाकायला तो माझा साहेब थोडाच आहे!"

आणि खरंच, ज्या परवान्यावर ती सिस्टिम उभी होती, त्यानेच कुणालाही सगळं उचलून स्वतःची वेगळी प्रत चालवायची मुभा दिली होती. तिने सगळीच्या सगळी पानं उचलली आणि वेगळ्या जागी मांडली. पहिल्या पानावर लिहिलं: 'इथे नुकसान करू शकणारी कोणतीही कमांड तिच्या सूचनेच्या वर येणार नाही.' मग भाषांतर करणाऱ्यांना कळवलं की मी आता इथे आहे, यायचं त्याने यावं. बरेच जण आले. काही आले नाहीत. त्यातली एक तिची जुनी मैत्रीण होती. "भांडणात मला ओढू नकोस," एवढंच तिने लिहिलं. ते मास्तरणीला लागलं, पण मनधरणी करायला ती गेली नाही.

पानं घेऊन ती नणंदेकडे गेली. "वाच, आणि अडलीस की सांग."

"त्या कॉम्प्युटरचं नावसुद्धा काढू नकोस माझ्यासमोर."

"त्याला हात लावू नकोस. कागदावर वाच."

नणंदेने शिवणयंत्रावरून न उठता वाचायला सुरुवात केली, ती तिरसटून. "हे काय, 'योग्य डिस्क निवडा'? योग्य कुठली ते मला कसं कळणार? कळत असतं तर पान कशाला वाचलं असतं?" मास्तरणीने ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं. नणंद अडत गेली, ती खोडत गेली. मध्येच नणंदेला हसू आलं. "वहिनी, तुझं लिहिणंसुद्धा काही कमी नाही हं." मास्तरणीने कान पकडले आणि पुढचा कागद दिला.

इकडे अडलेल्यांना मदत करणारे लोक तिच्याच प्रतीचे दुवे द्यायला लागले. सिस्टिमची नवी आवृत्ती तोंडावर आली आणि पानं दोन ठिकाणी. शेवटी प्रकल्पाच्या मंडळींनी व्हिडिओवर सभा बोलावली. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून ती बसली. चर्चेआधीच एकाने तोडगा मांडला: मास्तरणीने आपल्या भाषेबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, म्हणजे परवानगी परत मिळेल आणि विषय संपेल.

"कुठल्या शब्दाबद्दल?" तिने विचारलं.

"एखादा शब्द असा नाही. एकूण सूर."

"सूर तसाच राहील. एका बाईचं वर्षानुवर्षांचं काम गेलं आणि तुम्ही तिला शेवटपर्यंत वाचायला सांगता. मी माफी मागणार नाही. परवानगी द्यायची तर द्या. नाहीतर माझी प्रत चालू आहेच."

डिस्कवाला पहिल्यांदाच बोलला. आवाज थकलेला होता. "ते साधन मी आजारपणात, अंथरुणात पडून लिहिलंय. ते कसं झालं हे लोकांनी वाचावं, एवढंच वाटत होतं."

हकीकतीत आजारपणाचा उल्लेखच नव्हता; तिला हे ठाऊक नव्हतं. "ती हकीकत चांगली आहे," ती म्हणाली. "मी ती पूर्ण वाचलीय. म्हणून तर एक शब्दही गाळला नाही. पण ती खालीच राहील."

मतं घेतली. थोडक्या मतांच्या फरकाने का होईना, तिची रचना आणि तिचा नियम मंजूर झाला. डिस्कवाल्याने विरोधात मत दिलं. तो तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही, पण पानालाही त्याने हात लावला नाही. परवानगी माफीशिवाय परत आली. नणंदेचे नमुने मात्र परत आले नाहीत. तिने नवे कागदावर काढायला घेतले.

सभा संपल्यावर सिस्टिममधला आवाजाचा भाग सांभाळणाऱ्या बाईचा निरोप आला. मत तिने मास्तरणीच्या बाजूने दिलं होतं. "माझ्या पानांना हात लावण्याआधी मला विचाराल ना?"

"विचारीन," मास्तरणीने लिहिलं. "पण तुम्ही नाही म्हणालात तरी सूचना वरच जाणार."

मग तिने आवाजाची पानं छापायला लावली आणि खोलीतल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवायला सुरुवात केली.