काळी पाचवरचा गुलाल

एरवी कुकरच्या शिट्ट्या कोण मुद्दाम मोजतं? हात चपात्यांत असतात, डोकं आणखी कुठेतरी असतं आणि कान आपले आपण मोजत राहतात. पण त्या रविवारी सकाळी वनमाला आजगावकर ओट्यापाशी हात पुसून, पदर खोचून, कुकरसमोर नुसत्या उभ्या होत्या. दोन शिट्ट्या झाल्या तशी त्यांनी बाहेरच्या खोलीत विचारलं, किती झाल्या हो. वर्तमानपत्राआडून त्यांचे यजमान, भाऊ, म्हणाले, तीन.

वनमालाबाईंनी गॅस बंद केला आणि तिथल्याच स्टुलावर बसल्या. तिसरी त्यांना ऐकूच आली नव्हती.

त्यांना एक्कावन्नावं सरत आलं होतं. त्यांच्या आईला बावन्नाव्या वर्षी ऐकू यायचं कमी झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, मग हाका, आणि शेवटी वेंगुर्ल्याच्या घरात कोणी काही बोललं की आई नुसती गोड हसायची. ते हसणं वनमालाबाईंना कालपासून सारखं आठवत होतं.

अंधेरीच्या त्या कॉलनीत त्यांना सगळे ‘गाण्याच्या बाई’ म्हणत. लग्नाआधी विशारद झालेल्या. रेडिओवर, मैफलीत वगैरे गायचं राहूनच गेलं. घरात सासू-सासरे, दोन दीर, मग मुलं. पण दुपारी दोन ते चार त्यांच्या खोलीत सतरंजी पसरली जायची आणि आजूबाजूच्या मुली सा लावायला बसायच्या. गेली अकरा वर्षं मंडळाच्या गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धेला परीक्षक म्हणूनही त्याच. बालगट आणि खुला गट, दोन्हींना. मानधन काही नाही, एक नारळ आणि एक हातरुमाल. पण वर्षातल्या त्या एका संध्याकाळी टेबलावर पांढरी चादर, पाण्याचा पेला आणि टोक काढलेली पेन्सिल त्यांच्यासाठी मांडलेली असायची आणि कोणी त्यांना चहा करायला सांगायचं नाही.

त्यांची एक पद्धत होती. बाकीचे परीक्षक सूर, ताल, उच्चार, भाव अशा रकान्यांत गुण भरून मोकळे होत. वनमालाबाई प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहीत. वहीचा चतकोर कागद, त्यावर दोन ओळी, निकालानंतर गाणाऱ्याच्या हातात. ‘श्वास ओळीच्या मधे घेऊ नकोस.’ ‘आवाज छान, घाई कमी.’ मंडळाची पोरं हसायची की बाईंनी प्रिस्क्रिप्शन दिलं. पण कित्येक घरांत त्या चिठ्ठ्या देवाच्या पुस्तकात जपून ठेवलेल्या असत, हेही खरं.

आणि काल, शहाऐंशी सालच्या भर उत्सवात, सगळ्या कॉलनीसमोर, त्यांची फजिती झाली होती.

झालं असं. बालगट आटोपला, चहा झाला आणि खुला गट सुरू झाला. सहावं नाव ज्युलिया डिमेलो. मरोळच्या गावठाणातली, पंचविशीची, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. चर्चच्या क्वायरमध्ये गाते म्हणून कोणीतरी तिचं नाव दिलेलं. तिनं एक जुनं भक्तिगीत घेतलं. आवाज असा की मांडवात खुर्च्या सरकवणारी माणसं सरकवता सरकवता थांबली. गाण्याची चालच अशी होती की प्रत्येक ओळ वर चढून पंचमावर येऊन उभी राहायची. पहिली ओळ बरोबर लागली. दुसरीपासून मात्र वनमालाबाईंना पंचम उतरलेला ऐकू यायला लागला. केसभर. पण प्रत्येक वेळी तितकाच उतरलेला. साथीला बाळा कांदळगावकरची पेटी होती, पण मुलीच्या भरदार आवाजाखाली ती झाकली गेलेली. वनमालाबाईंनी सुराच्या रकान्यात दहापैकी चार घातले आणि चिठ्ठी लिहिली: ‘देणगी मोठी आहे. पण पंचमाला उतरतेस. आधी ऐकायला शीक, मग गा.’

बाकी दोघांनी सुराला नऊ-नऊ दिले होते. बेरजेत ज्युलिया चौथी गेली आणि निकाल वाचला तेव्हा मांडवात कुजबुज झाली. दुसरे परीक्षक चंद्रप्रकाश, बँकेत अधिकारी, हौशी नाटकं बसवणारे, तिन्ही कागद शेजारी शेजारी धरून म्हणाले, “वनमालाताई, आमचे नऊ आणि तुमचे चार. एक तर तिथे दोन बाया गात होत्या, नाहीतर...” आणि पुढचं न बोलता त्यांनी आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली. आसपासचे हसले. वनमालाबाईही हसल्या. आईसारख्या.

सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, त्यांनी मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहून टाकलं होतं. प्रकृतीच्या कारणास्तव यापुढे मला परीक्षक म्हणून बोलावू नये. ते घडी घालून मिठाच्या बरणीखाली ठेवलं होतं. शिकवण्यांचं काय, हा प्रश्न अजून पत्रात आला नव्हता, पण मनात आला होता. ज्या बाईला पंचम कळत नाही तिच्याकडे आयांनी मुली का पाठवाव्यात?

तेवढ्यात दार वाजलं.

चिटणीसच आले असणार, त्यांना वाटलं. गोड बोलून सांगायला. त्यांनी बरणीखालचं पत्र काढून हातात घेतलं आणि भाऊंना म्हणाल्या, तुम्ही उघडा.

दारात बाळा कांदळगावकर उभा होता. गिरणी बंद पडल्यापासून पेट्या दुरुस्त करून आणि भजनांना साथ करून घर चालवणारा बाळा. खांद्यावर चादरीत बांधलेली पेटी, दाढी न केलेली, चेहरा रात्र जागवल्यासारखा. आत येऊन त्यानं पेटी सतरंजीवर इतकी हलकेच ठेवली की जणू आत कोणी झोपलं होतं.

“वैनी, पेटी दाखवूक इलंय,” तो म्हणाला. “साफ करूक नाय अजून. मुद्दाम.”

भाऊ म्हणाले, अरे आधी बस, चहा घे. बाळानं चहाला नाही म्हटलं, आणि बाळा चहाला नाही म्हणतो म्हणजे प्रकरण साधं नाही हे दोघांनाही कळलं. मग त्यानं मालवणीत आणि मुंबईच्या भाषेत मिसळून जे सांगितलं ते असं. सकाळी त्याच्याकडे भजनाची तालीम होती. बायको सहज काळी दोनवरून, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून, गायला बसली तर पंचम आला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. काळी दोनचा पंचम म्हणजे काळी पाच. ती पट्टी त्यानं एकटी दाबून बघितली, मग वरच्या आणि खालच्या सप्तकातल्या काळी पाचशी जुळवून बघितली. मधली उतरलेली होती. आणि काल ज्युलिया काळी दोनमध्येच गायली होती.

वनमालाबाईंनी हातातलं पत्र स्टुलावर ठेवलं, सतरंजीवर आल्या आणि पेटीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“वाजव,” त्या म्हणाल्या. “कुठली पट्टी ते सांगू नकोस.”

बाळानं भाऊंकडे बघितलं. भाऊंनी मान हलवली. बाळानं भाता ओढला आणि एकेक स्वर दाबत गेला, उलटसुलट, मधेच थांबून, मधेच तोच पुन्हा. भाऊंना सगळे सारखेच वाटत होते, पण ते बायकोच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ ताठ होती. पाचसहा स्वर गेले. मग एकदा त्या म्हणाल्या, हा. बाळानं आणखी चारपाच वाजवून पुन्हा ती पट्टी दाबली. हा, त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यानं त्यांना फसवायला वरच्या सप्तकातली काळी पाच दाबली. त्या म्हणाल्या, ही चांगली आहे रे, कशाला उगाच.

बाळानं भाता सोडला.

“तुमचो कान खरो, वैनी. खोटी माझी पेटी.”

वनमालाबाईंना लगेच वळून बसता आलं नाही. पदरानं चेहरा पुसून त्या वळल्या, तोवर बाळानं पेटीचं झाकण काढलं होतं. आत पितळी सुरांची, स्वर वाजवणाऱ्या पातळ जिभांची, ओळ होती आणि तिच्यावर लालसर गुलाबी धूळ. एका सुराच्या टोकाला गुलालाचा कण दमट होऊन चिकटला होता, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. सुराच्या टोकाला वजन बसलं की आवाज खाली येतो, बाळा सांगत होता. चहाच्या वेळी गल्लीतून सात दिवसांच्या गणपतींची मिरवणूक गेली, पोरांनी गुलाल उधळला तो थेट मांडवात आला, आणि पेटी झाकायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. पुढे भाता मारत गेला तसा गुलाल आत ओढला गेला. एकोणतीस वर्षांत कधी पेटी उघडी टाकली नव्हती. बाकीचे गाणारे त्या स्वरावरून नुसते सरकून गेले म्हणून कोणाला कळलं नाही. ती पोरगी मात्र तिथेच उभी राहत होती.

त्यानं कागदाची बारीक पट्टी सुराखाली सरकवून कण काढला आणि पुन्हा वाजवून दाखवला. आता स्वर कसा स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा.

चहा झाला, तो बाळानं आता दोनदा घेतला. भाऊ आपल्या बायकोला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून बोलले की मला सकाळीच शंका आली होती. कसली शंका, ते त्यांना सांगता येईना. तेवढ्यात बाहेरच्या खोलीच्या भिंतीपलीकडे राहणारी शेजारची सुगंधा वाटीभर साखर मागायला आली आणि म्हणाली की माझ्या कुकरची रबरी रिंग गेली वाटतं, सकाळपासून एकच शिट्टी देऊन गप्प बसलाय. वनमालाबाईंनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी वर्तमानपत्र उघडलं.

“तिसरी हिची होती,” वनमालाबाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की सुगंधा वाटी घेऊन तशीच उभी राहिली. स्टुलावरच्या पत्राची घडी भाऊंनी पुढे नीट उलगडली आणि त्यावर गरम कुकर ठेवला.

पण हसून झाल्यावर वनमालाबाईंना ती चिठ्ठी आठवली. आधी ऐकायला शीक, मग गा.

त्यांनी साडी बदलली आणि बाळाला म्हणाल्या, मरोळला चल माझ्याबरोबर, पेटी घे. रिक्षात पेटी दोघांच्या मांडीवर आडवी ठेवली होती. बाळा वाटभर म्हणत होता की मी तिच्या पाया पडतो, आणि वनमालाबाई म्हणत होत्या, ती लाजेल, असलं काही करू नकोस.

गावठाणातलं घर बैठं, पुढे ओटी, ओटीवर कपड्यांची दोरी. ज्युलिया नुकतीच चर्चमधल्या मिसाहून आली होती, अंगावर फुलाफुलांचा फ्रॉक, पायात अजून उंच टाचेच्या चपला. परीक्षकबाई दारात बघून ती गडबडली, आईला हाक मारली, खुर्च्या पुसल्या. वनमालाबाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गुलाल, काळी पाच, बाळाचा विसरभोळेपणा, आपले चार गुण. बाळा तोंड खाली घालून पेटीच्या चादरीची गाठ सोडत आणि बांधत होता.

ज्युलियानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “मला वाटली होती ना बाई, पेटी खाली आहे. पहिल्या ओळीला मी माझ्या सुरात होते. मग पेटी ऐकली आणि तिच्यात गेले.”

“का गं गेलीस?”

“क्वायरमध्ये तसंच शिकवलंय. ऑर्गनशी भांडायचं नाही. सगळ्यांनी वाद्याकडे जायचं, तरच सगळे एकत्र राहतात.”

वनमालाबाईंना पहिली ओळ आठवली, बरोबर लागलेली. या मुलीला आधी ऐकायला शीक म्हणून त्यांनी लिहिलं होतं, आणि मांडवातल्या अडीचशे माणसांत पेटी ऐकली ती फक्त हिनंच. त्यांनी स्वतः तर पेटीवर शंकाही घेतली नव्हती. आधी मुलीवर घेतली, मग स्वतःच्या कानावर.

त्या म्हणाल्या की मंडळात जाऊन त्या निकाल दुरुस्त करायला लावतील, चंद्रप्रकाशांसमोर. ज्युलिया हसायला लागली. पहिलं बक्षीस थर्मास होता, ती म्हणाली, आणि आमच्या घरी ऑलरेडी दोन आहेत, दोन्ही कोणी वापरत नाही. आतून तिची आई म्हणाली, तीन.

मग बाळानं काळी दोन धरली आणि ज्युलिया ओटीच्या खांबाला टेकून तेच गाणं गायली, चपला काढून. या वेळी प्रत्येक ओळ पंचमावर येऊन उभी राहिली ती पाय रोवून. शेजारच्या ओटीवरची बाई हातातलं सूप तसंच धरून ऐकत होती. वनमालाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांना केसभरही कमी किंवा जास्त ऐकू आलं नाही.

गाणं संपल्यावर ज्युलियाच्या आईनं सरबत आणलं. वनमालाबाईंनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“ती कालची चिठ्ठी कुठे आहे?”

ज्युलिया आत जाऊन प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आली. चतकोर कागद त्यात नीट घडी करून ठेवलेला होता. राहू दे ना बाई, ती म्हणाली, बाकीच्यांनी नुसते आकडे दिले, लिहून तुम्ही एकट्यांनीच दिलं.

वनमालाबाईंनी हात पुढे केला.

“दुसरी लिहून देते. पण ही मला परत दे.”