नळीतलं कुंकू

२०१५ साली कॅनडातल्या रेजिनात नोकरी लागली आणि मी सबनीस काकांचं बेसमेंट भाड्याने घेतलं, तेव्हा घरात बंदूक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी कपडे धुवायला गेले, तर लॉन्ड्रीच्या सिंकशेजारी टेबलावर जुनी चादर अंथरून काका बसलेले, पुढे रायफल सुटी करून मांडलेली आणि हातात उकळत्या पाण्याची किटली. "बाप्पा रे!" मी किंचाळलेच. काका मानही वर न करता म्हणाले, "ओरडू नकोस. सुटी केलेली बंदूक कुणाला चावत नाही. तुझे कपडे लाव मशीनला."

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली, पण आठवतात ते असेच, त्या सिंकपाशी. सरकारी मातीपरीक्षण लॅबमधून रिटायर झालेला शिडशिडीत माणूस, बोलणं तुटक आणि तोंडावर. मला बंदुकीचा तिटकारा आहे, तेव्हाही होता. तरी कपडे वाळेपर्यंत मी त्यांचं ते धुणं बघत बसायची.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तेही तिथेच कळलं. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस बॅरलवरच्या एका नळीत शिरतो आणि आतल्या पिस्टनला ढकलतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे गोळीमागच्या सरकत्या खिटीला, मागे लोटतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि पुढची गोळी आपोआप वर येते. नेमबाजीच्या रेंजवर वापरायची जुनी, स्वस्त काडतुसं मागे क्षार ठेवतात, त्याने लोखंड गंजतं. "मातीतला असो की बंदुकीतला, क्षार कुणाला सोडत नाही," काका म्हणायचे. बाजूची कळ फिरवून नळी उचलायची, पिस्टन सरकवून काढायचा, दोन्हींवर उकळतं पाणी, मग ब्रश, मग फडकं. शेवटी नळी बल्बकडे धरून एक डोळा मिटून आरपार बघायचे. "बाकी सगळीकडे तेलाचा हात चालेल. इथे नाही. नळी कोरडी, पिस्टन कोरडा. पिस्टन अडकला की दुसरी गोळी नाही."

"एक पुरत नाही का?" मी एकदा विचारलं.

"पुरली पाहिजे. नाही पुरली, तर जखमी जनावराला ताटकळत ठेवायचं नाही. त्यापेक्षा मोठं पाप मला माहीत नाही."

काकू म्हणजे त्या घराचा आवाज. काकांनी आणलेल्या हरणाचा फ्रोझन मटार घालून झणझणीत खिमा करायच्या. "माझ्या चहाच्या किटलीने बंदूक धुता, लाज कशी वाटत नाही हो?" असं म्हणून वेगळी किटली त्यांनीच आणून दिलेली. खंडेनवमीला मात्र ते टेबल त्यांचं. सुट्या मांडलेल्या एकेका भागाला त्या ओलं कुंकू लावायच्या.

"अगं, पिस्टनला नको!" काका चडफडायचे.

"गप्प बसा. तोच तर बिचारा खरा राबतो."

काका हसायचे आणि आरती संपते न संपते तोच किटली चढवायचे.

मग काकूंना कॅन्सर झाला. केमो झाल्या, गुण आला नाही. "पुरे आता, अहो," काकू म्हणाल्या, "मला घरी पडू द्या." काकांनी ऐकलं नाही. डॉक्टरांच्या मागे लागून आणखी एक ट्रीटमेंट ट्राय करायला लावली. त्या खंडेनवमीला काकू भिंत धरत धरत खाली उतरल्या. पिस्टनला बोटाने लावलेलं कुंकू ओघळलं. काकांनी किटली ठेवली नाही. कुंकवासकट रायफल जोडून कपाटात कुलपात ठेवली. "धुतो नंतर," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकू हिवाळ्यात हॉस्पिटलमध्येच गेल्या, फार हाल होऊन.

नंतर वर्षभर काकांनी ती रायफल उघडली नाही. धुतली असती तर काकूंचं बोट पुसलं गेलं असतं. मला ते दिसत होतं, पण धुवा म्हणून त्यांना सांगणार कोण? आणि पुढच्या नोव्हेंबरात एकदम म्हणाले, "हरणाला जातो." हा माणूस धड जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, आणि एकटा बंदूक घेऊन जाणार!

"मी ड्राइव्ह करते."

"तुला तर तिटकारा."

"आहेच. तरी येते."

ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेताकडेला, गोठलेल्या तळ्यापाशी काकांनी गोळी झाडली. हरण मागच्या पायांत खचलं, पण मेलं नाही. काकांनी पुन्हा ट्रिगर ओढला. काहीच नाही. बोल्ट अर्ध्यातच थांबला होता, रिकामं काडतूस त्यात चिमटलेलं. हरण पुढच्या पायांवर स्वतःला ओढत झुडपात शिरलं. बर्फातल्या रक्तामागून आम्ही गेलो. काका मधूनमधून थांबून बोल्टशी झटत होते, हाताची सालटी निघाली होती. हरण सापडलं तेव्हा जिवंत होतं, आमच्याकडे बघत होतं. अखेर बोल्ट हलला आणि काकांनी दुसरी गोळी घातली.

मग ते तिथेच बर्फात बसले. "तिलाही मी असंच ठेवलं, मेघा. ती पुरे म्हणत होती."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाच रडू कोसळलं.

घरी येताच काका कोटही न काढता खाली उतरले. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघितलं, नळी काढली. पिस्टन आत चिकटून बसला होता, ठोकून काढावा लागला. कुंकू गंजात मिसळून काळपट झालं होतं. "किटली ठेव," म्हणाले. मी ठेवली. सिंकमध्ये पाणी आधी लाल आलं, मग तांबूस, मग नितळ. त्यांनी नळी बल्बकडे धरून आरपार बघितलं. मी फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"आणखी एक किटली ठेव."

"काका, पाणी स्वच्छ येतंय."

"माहीत आहे मला. ठेव."