डोहाळ्याच्या तिसऱ्या

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धाकटी बहीण बाळंतपणाला बंगळूरला, जयनगरात आमच्याकडे आली होती. सातव्या महिन्यात तिला तिसऱ्यांचे, म्हणजे वाळूतल्या शिंपल्यांचे, डोहाळे लागले, त्याही आत्याच्या गावच्या खाडीतल्याच! आत्या रात्रीच्या बसनं आली ती ओलं पोतं घेऊन. वासापायी कंडक्टरनं म्हणे पोत्याला खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः टपावर बसून आला.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत किनाऱ्यावरून आलेला गाळ चाळायचो. इतका चाळला की त्यावर दुसरं बंगळूर वसलं असतं! आत्याच्या खाडीत कारखान्यांचं पाणी सुटायचं. तिथल्या गाळात शिसं आणि कॅडमियम सापडू लागलं होतं, आणि तळाचे किडे सापडेनासे झाले होते. मासा पोहून पळतो तरी. तिसरी बिचारी बसल्या जागी तेच पाणी पिते आणि विष अंगात साठवते.

"आत्या, पोरीला ह्या देऊ नकोस."

"मेल्या, उल्सूर तलावात मगर पाहिली म्हणणारा तूच ना?"

मगर होतीच, पण ते असो. त्याच बसनं आमच्या प्रयोगशाळेत एका स्वच्छ खाडीतल्या तिसऱ्याही आल्या होत्या. दुपारी त्यातल्या मूठभर उचलल्या, बरोबर वाळू आणि कॅनभर समुद्राचं पाणी घेतलं, आणि घरी येऊन परातीत ते ओतून दोन्ही बाजूंना दोन्ही गावच्या तिसऱ्या मांडल्या. धडधाकट तिसरी लगेच वाळूत शिरते, हे आत्याला सांगितलं.

"रात्रभर बसमध्ये अंग आंबवून ये, मग तुलाही वाळूत शिरवते!" आत्या म्हणाली.

"आत्या, ह्याही त्याच बसनं आल्यात."

माझ्या तिसऱ्यांनी जीभ बाहेर काढली आणि बघता बघता वाळूत बुडी मारली. आत्याच्या तिसऱ्या मात्र तोंड उघडं टाकून तशाच पडून राहिल्या. तिनं एकीला बोट लावलं. ती मिटली, पण झोपेनं जड झालेल्या पापणीसारखी.

"एकच वाटी खाऊ, दादा?" बहीण दारातून म्हणाली.

आत्यानं कालवणाखालचा गॅस बंद केला. तिला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे वळली. "आम्ही रोज खातो रे. सूनबाईला पाचवा लागलाय."

आम्ही एसटीडी बूथ गाठला. तिच्या शेजाऱ्यांच्या फोनवर सून येईपर्यंत आत्यानं माझा दंड इतका दाबला की तो आजही बारीक आहे. मग, जिचा आवाज जयनगरातून पार शिवाजीनगरात ऐकू जायचा ती आत्या, हळूच म्हणाली, "अगं, तिसऱ्यांचं कालवण... जेवलीस?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. आत्यानं फोन ठेवला आणि विचारलं, "आज परतीची बस आहे का रे?"